ढब्बूचं वजन

त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना काटेमावशी म्हणायची, कारण जनावरांच्या दवाखान्यातला वजनकाटा त्यांच्या ताब्यात होता.

दवाखाना दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत डॉक्टर आणि त्यांचं स्टीलचं टेबल. बाहेरच्या खोलीत एक बाक, औषधांचं कपाट आणि जमिनीवरचा सपाट काटा. दुसरा बाक दाराबाहेर, वाऱ्याला. वजन केल्याशिवाय मावशी कोणाला आत सोडायच्या नाहीत, कारण औषधाचा डोस किलोवर ठरतो. आता तुम्ही म्हणाल, कुत्र्याला काट्यावर उभं करायला असं कितीसं कसब लागतं. करून बघा एकदा. तीन पाय वर येतात तोवर चौथा खाली उतरलेला असतो, आणि चौथा वर घ्यावा तर बाकीचे तीन दाराकडे निघालेले असतात. म्हणून मावशींची रीत सोपी होती. मालकाने जनावर उचलून घ्यायचं, दोघांनी मिळून काट्यावर उभं राहायचं, आणि येईल त्या आकड्यातून मालकाचं वजन वजा करायचं.

मालकाचं वजन पहिल्या भेटीतच एकदा करून कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असे. पुढे कार्ड बघायचीही गरज पडत नसे. निम्म्या गल्लीचं वजन मावशींना तोंडपाठ होतं. त्याबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द बाहेर काढला नाही. काढला असता तर लोकांनी मांजरांना घरच्या घरीच बरं केलं असतं. आणि मोठ्या माणसाचं वजन महिन्याभरात बदलून बदलणार किती? बाकावर सात जण ताटकळत बसलेले असताना एकेकाला दोनदा कोण चढवत-उतरवत बसणार?

शिलाईच्या दुकानातले मास्तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचे. साठी ओलांडलेले, मोजक्या शब्दांत बोलणारे, गळ्यात मापाची फीत तशीच विसरून येणारे. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात आपलं म्हणायला एकटा ढब्बू. ढब्बू म्हणजे कुत्रा, सात वर्षांचा, तांबूस, अंगावर इतके दाट केस की डोळे शोधावे लागत. त्याच्या कातडीला सारखी खाज सुटायची, त्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन. मास्तर अडुसष्ट किलो, दोघं मिळून नव्वद, म्हणजे ढब्बू बावीस. वर्षभर हेच चाललं होतं.

मग एका सोमवारी दोघं मिळून साडेअठ्ठ्याऐंशी भरले. मावशींनी कार्डावर लिहिलं, ढब्बू साडेवीस. पुढच्या महिन्यात एकोणीस. त्याच्या पुढच्या महिन्यात सतरा.

बावीस किलोच्या कुत्र्याचं पाच किलो वजन उतरणं म्हणजे चेष्टा नाही. डॉक्टर हादरलेच. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, पोटावरचे केस भादरून सोनोग्राफी केली. कुठेच काही सापडेना. दर वेळी ते ढब्बूच्या बरगड्यांवरून हात फिरवायचे आणि कोड्यात पडायचे. ‘हाताला तर भरलेला लागतोय,’ ते म्हणायचे, ‘पण काटा कशाला खोटं बोलेल?’ केसांमुळे आपली फसगत होते आहे, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली आणि कडू गोळ्या चालू केल्या, दिवसातून दोनदा.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी ढब्बूला दोन अंडी, दुपारी कोंबडीचं सूप, संध्याकाळी पुन्हा अंडी. गिऱ्हाइकांचे कपडे पडून राहू लागले. ‘तुम्ही जेवता का वेळेवर?’ मावशींनी एकदा विचारलं. ‘घास उतरत नाही, बाई,’ मास्तर म्हणाले. ‘तो डोळ्यांदेखत झिजतोय, आणि मी काय जेवत बसू?’ मास्तर काळजीने वाळले, असं अख्खी गल्ली म्हणत होती. मावशीही म्हणत होत्या. आता बोला.

चौथ्या महिन्यात मास्तर आले ते धापा टाकतच. साखळी मावशींच्या हातात दिली. ‘आज तुम्हीच उचला त्याला. मी जरा बाहेर वाऱ्याला बसतो,’ म्हणाले आणि दाराबाहेरच्या बाकावर टेकले.

मावशींनी ढब्बूला उचललं आणि त्यांच्या कमरेत कळ आली. सतरा किलोला कमरेत कळ यायला त्या काही इतक्या म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या. काट्यावर आकडा आला ब्याऐंशी. काटा नीट आहे ना हे बघायला मावशी रोज सकाळी स्वतः त्यावर उभ्या राहायच्या, त्यामुळे स्वतःचे अठ्ठावन्न पक्के ठाऊक होते. ब्याऐंशीतून अठ्ठावन्न गेले, राहिले चोवीस. त्यांनी कुत्रा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा चढल्या. चोवीस. कुत्र्यांच्या खाण्याचं दहा किलोचं न फोडलेलं पोतं काट्यावर ठेवून पाहिलं. बरोब्बर दहा.

त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर ढब्बूला घेऊन काट्यावर चढले, त्यांच्याही हिशेबाने चोवीसच आले.

‘म्हणजे हा बारीक झालाच नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘उलट दोन किलोंनी सुटलाय. अंडी लागली अंगाला.’ आणि ते हसायला लागले. मावशींनाही हसू आवरेना, तीन महिन्यांचा घोर एका फटक्यात उतरला होता. ढब्बू शेपटी हलवत दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग दोघांचं हसू थांबलं. काटा बरोबर होता, कुत्रा बरोबर होता, आणि तरी आकडा दर महिन्याला खाली आला होता.

मावशींनी वजाबाकी उलटी करून पाहिली. गेल्या महिन्यात दोघं मिळून पंच्याऐंशी. त्यातून ढब्बूचे चोवीस काढले तर राहतात एकसष्ट.

दाराच्या काचेतून मास्तरांची पाठ दिसत होती. सदऱ्याच्या आत खांद्याची हाडं वर आली होती. ती गल्लीत येता-जाता रोज दिसत होती, रोज बघितली होती, आणि त्या हाडांना काळजी असं नाव देऊन मावशी मोकळ्या झाल्या होत्या.

‘मावशी,’ डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, ‘त्यांना एवढंच सांगा, ढब्बू ठणठणीत आहे, आणि आता तुम्हीही एकदा तपासून घ्या. बाकीचं कशाला काढायचं?’

‘आणि ते तीन महिने?’

‘ते काय सांगितल्याने परत येणार आहेत?’ ते खाली बघत म्हणाले. ‘चूक माझीही आहे. माझा हात मला सांगत होता.’

माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. घाबरल्या तर मावशीही होत्या.

त्या बाहेर जाऊन मास्तरांच्या शेजारी बसल्या आणि आधी चांगली बातमी सांगितली. मास्तरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ढब्बूच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ तसेच बसले. तिथेच थांबता आलं असतं. तपासून घ्या एवढं जाता जाता सुचवायचं आणि आत जाऊन पुढच्या मांजराचं वजन करायचं. कोणाला काही कळलं नसतं. पण मावशींना ते जमलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, कार्डाच्या कोपऱ्यातल्या अडुसष्टपासून.

मास्तरांनी आपल्या पँटच्या कमरेकडे पाहिलं. ‘ही मी दोनदा आत घेतली,’ ते म्हणाले. ‘पहिल्यांदा दोन बोटं, नंतर तीन. वाटलं, काळजीमुळे असेल.’

‘मास्तर, माझं चुकलं. फार चुकलं.’

‘वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत माझी, बाई. दर वेळी फीत लावतो. जुन्या मापावर मी कात्री चालवत नाही.’ आवाज चढला नव्हता. ‘तीन महिने त्याला सुया टोचल्या. पोट भादरलं. त्या कडू गोळ्या मी त्याचा जबडा फाकवून घातल्यात, दिवसातून दोनदा. तो माझ्याकडे कसा बघायचा माहितीये तुम्हाला? आपलं काय चुकलं म्हणून बघायचा.’

‘आणि तुमचं, मास्तर? तुमचे सात किलो गेलेत.’

‘माझं मी बघेन. मला तोंड आहे. त्याला कुठे होतं?’

मावशी शिव्या खायच्या तयारीने आल्या होत्या. सात किलोंबद्दल चार जहरी शब्द ऐकवले असते तर त्यांनी मान खाली घालून ऐकले असते, आणि बरंच वाटलं असतं. पण त्या सात किलोंबद्दल मास्तरांनी एक अक्षर उच्चारलं नाही. ढब्बूला घेऊन ते निघून गेले.

मग चार दिवस तपासून घ्यायला आज जातो, उद्या जातो असं मास्तरांचं चाललं. पाचव्या दिवशी मावशी दुकानापुढे जाऊन उभ्या राहिल्या. ‘शटर ओढा,’ म्हणाल्या. मास्तर म्हणाले, ढब्बूला एकट्याला ठेवून जात नाही. मावशी म्हणाल्या, त्यालाही घ्या. इस्पितळात कुत्र्याला सोडत नाहीत, म्हणून मावशी साखळी धरून फाटकाशी बसून राहायच्या आणि मास्तर एकटे आत जायचे. असं पाच-सहा वेळा झालं. दर खेपेला मावशी अर्ध्या दिवसाची रजा टाकायच्या आणि डॉक्टर काही न विचारता द्यायचे. वाटेत मास्तर त्यांच्याशी ढब्बूपुरतंच बोलायचे. त्याला पाणी पाजा, त्याला सावलीत घ्या. स्वतःविषयी ताकास तूर लागू देत नव्हते, आणि कोणत्या तोंडाने विचारायचं म्हणून मावशीही विचारत नव्हत्या.

शेवटचा रिपोर्ट मिळायचा त्या दिवशी मास्तर आतून लवकर बाहेर आले. हातात मोठं पाकीट होतं, आतल्या स्कॅनच्या फिल्मा दुमडू नयेत म्हणून त्यांनी ते छातीशी धरलं होतं. फाटकाजवळच्या कट्ट्यावर ते बसले. ढब्बू त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकून पसरला.

‘पोटात गाठ आहे,’ ते म्हणाले. ‘यकृतापर्यंत पोचलीये.’

विचारू नये असं वाटत असतानाच मावशींनी विचारलं, ‘आधी आला असतात तर... असं काही म्हणाले का ते?’

‘म्हणाले.’

‘काय म्हणाले?’

मास्तरांनी मान हलवली. ‘ते तुम्ही ऐकू नका, बाई.’ महिनाभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि मावशींना तो मऊपणा सोसवेना. डोळे भरून आले, तशी त्यांनी मान वळवली. समोरून माणसं येत-जात होती. कोणी फळांची पिशवी घेऊन चाललं होतं, कोणी फोनवर पत्ता सांगत होतं.

‘एक विचारू?’ मास्तर म्हणाले. ‘तुम्ही रोज जनावरं बघता म्हणून विचारतो. हा अजून किती वर्षं काढेल?’

हा प्रश्न मावशींनी आजवर हजार वेळा ऐकला होता. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण कधी ना कधी तो विचारतो, आणि प्रत्येकाला उत्तर कमीच पडतं. म्हणून मावशी नेहमी एखादं वर्ष पदरचं घालून सांगायच्या. आज पदरचं काही घालायची गरज नव्हती. निदान एक तरी गोष्ट धड सांगता येते आहे, याचंच त्यांना इतकं बरं वाटलं की त्या घाईघाईने बोलून गेल्या.

‘याला काय धाड भरलीये? दात उत्तम, काळीज उत्तम. सहा-सात वर्षं तर सहज.’

‘एवढी?’ मास्तर म्हणाले.

ते सावकाश उठले आणि घराच्या दिशेने चालू लागले. ढब्बूही उठला. साखळी मावशींच्या हातात होती, आणि मास्तरांनी ती मागून घेतली नाही.