वहिनींचं नाक

वहिनींनी अत्तराच्या कारखान्यात तीस वर्षं वास पारखले. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांना सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली भेट दिली. घरी धाकट्या दिरांनी ती परस्पर उघडली आणि पुरुषांच्या ग्लासांत वरून कोला ओतायला घेतला.

"वहिनी, तुम्हाला सरबत सांगितलंय."

वहिनींनी त्यांच्या दुसऱ्या हातातून व्हिस्कीची बाटली काढून घेतली, स्वतःसाठी दोन बोटं ओतली, चमचाभर पाणी घातलं आणि डोळे मिटून वास घेतला. आधी धूर आला, मग मध, मग भिजलेलं लाकूड.

"चारचौघांत आमचं नाक कापाल," दीर कुजबुजले.

"तुमचं तुम्ही सांभाळा. माझ्या नाकावर कारखाना चाललाय," म्हणत त्यांनी सावकाश घोट घेतला.

सासूबाईंनी आपला रिकामा ग्लास पुढे केला. "मला कोला नको हं," त्या म्हणाल्या.