पोकळ दांड्यांचं वावर

पीक दिसलं की मोडून बघायचं, ही शेषरावांची जुनी सवय. सोयाबीनचं झाड उपटायचं, नखानं खोड चिरायचं आणि आत पोकळी दिसली की समजायचं, खोडमाशी शिरली. त्याच दिवशी पाठीला फवारणीचा पंप लागायचा. शिरड शहापुरात निम्मं गाव असंच करतं, आणि सोयाबीनपुरतं ते बरोबरही आहे. पण सोयाबीनचे नियम पाळायला कांद्याला कुणी सांगितलं होतं?

कांद्याचं बी धरायचं हे खूळ सुनेचं, शिलाचं. तिचा नवरा प्रमोद कळमनुरीला नोकरीला, त्यामुळे शेत सासरा नि सूनच बघायचे. "एक साल देतो," शेषराव म्हणाले होते. "बी निघालं तर निघालं. न्हाई तर पुन्हा कांद्याचं नाव काढायचं न्हाई. वावर माझं हाय." त्या एका सालासाठी शिलानं जिवाचं रान केलं. आता कमरेएवढे हिरवे दांडे उभे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा, आणि वावरभर मधमाशांची घुमघुम चालली होती.

आणि आज सकाळी शेषरावांनी एक दांडा चिरला. आत काहीच नव्हतं. दुसरा चिरला, तिसरा चिरला. सगळे पोकळ.

"खाल्लं की समदं किड्यानं!" ते ओरडले आणि औषध आणायला घराकडे निघाले.

शिला धावत चिरलेल्या दांड्यांपाशी आली. लावणीचे कांदे शेजारच्या अमीरबीनं दिले होते, आणि देताना बजावलं होतं, "गोंडे फुलल्यावर औषध मारू नको, बेटी. मधमाशी गेली तर दाणा भरत न्हाई." म्हणजे फवारलं तर बी जाणार, आणि न फवारलं तर दांडेच कोसळणार. करायचं काय?

तिनं चिरलेला दांडा उचलून नीट पाहिला. अळी नाही, भुसा नाही, एक काळा डाग नाही. किडा खातो तिथं घाण करून ठेवतो. इथं तर आतली भिंत ओलसर आणि लख्ख, नुकतीच सारवल्यासारखी. मग तिनं नुकताच वर आलेला एक कोवळा दांडा खुडला. त्याचा गोंडा अजून पापुद्र्यात बंद होता, अंगावर कुठं भोक नव्हतं. तो चिरला, तर तोही आतून पोकळ! तिच्या अंगावर काटा आला. झाड स्वतःच स्वतःला पोकळ घडवत होतं.

शेषराव पंप घेऊन आले, तेव्हा तिनं तो दांडा त्यांच्यापुढं धरला. "मामा, ह्यात किडा शिरला कुठून? ह्याला दारच न्हाई."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. पण इतक्यात हार मानतील तर ते सासरे कसले! "किडा नसंल. पन पोकळ ते पोकळच. उभं कसं ऱ्हाईल?" त्यांनी पंपाचा दांडा हलवायला घेतला.

तेवढ्यात वावधान सुटलं. औंढ्याच्या बाजूनं धुळीचा लोट आला आणि पंप खाली ठेवावाच लागला. दोघं धुऱ्यावरच्या, बांधावरच्या लिंबाच्या आडोशाला बसले. धुऱ्यापलीकडं शेषरावांची लाडकी ज्वारी होती, भरीव ताटांची. ती बघता बघता आडवी झाली. इकडं कांद्याचे गोंडे पार मातीकडं वाकले, आणि उठले. पुन्हा वाकले, पुन्हा उठले. शिला तोंडावर पदर धरून नुसती बघत राहिली.

वारा थांबला, तेव्हा कडेचे चार-दोन दांडे सोडले तर सगळं वावर उभं होतं.

शिलानं एका दांड्याला मूठ घातली. मधलं सगळं काढून झाडानं कडेला गोल लावलं होतं, घरातल्या बाजेच्या लोखंडी नळीसारखं. त्यात जे वाचलं, ते वर फुलाला दिलं असणार. मातीतल्या कांद्याला हे शिकवलं कुणी? तिचे डोळे भरून आले. एक मधमाशी परत येऊन गोंड्यावर बसली.

शेषराव दांड्यांमधून हळूहळू चालत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पिकात शिरून काही मोडलं नाही.

रस्त्यावर व्यंकटरावांनी मोटारसायकल थांबवली. "शेषराव, समद्यांची पिकं झोपली, तुमचा कांदा उभाच हाय की! काय केलं म्हणावं?"

शेषरावांनी औषधाचा भरलेला पंप तसाच खांद्याला लावला आणि घराची वाट धरली.

"मला काय इचारता?" ते जाता जाता म्हणाले. "वावर शिलाचं हाय. तिला इचारा."