पोती धुतल्याचे पाणी

कार्तिकातले कोवळे, केशरवर्णी ऊन डोंगरकुशीतल्या तलावावर पसरले होते, आणि तलाव हिरवा होता. हिरवा, घनहिरवा, मरणहिरवा! कवींनी हिरव्याची स्तोत्रे खुशाल गावीत. ज्याच्या घरची चूल माशांवर पेटते, त्याला विचारा हा हिरवा कसा असतो ते.

लिंबाजी भोई दर श्रावणात तलावात बोटुकली सोडी, बोटाएवढी रौप्यतनू पिल्ले. दर वैशाखात शेवाळ माजे, मरे, सडे, पाण्यातला प्राणवायू पिऊन टाकी. आणि मासे पांढरी पोटे वर करून तरंगत. दोन वर्षे हेच झाले. "औंदा मेले तर तराफा मोडायचा आन् शहरात वॉचमन व्हायचं," तो बायकोला म्हणाला होता.

बायको गजरा. चार गावांतली सुपरफॉस्फेट खताची रिकामी पोती ती तलावात धुई आणि जोडून त्यांचे तळवट शिवी, खळ्यावर धान्याखाली अंथरायला.

एके दिवशी पाणी तपासणाऱ्या देवयानी मॅडम आल्या. त्यांनी तलावाचे पाणी फडक्यातून गाळून तीन बरण्या भरल्या आणि गजराच्याच अंगणात ठेवल्या. एकीत काही नाही, दुसरीत युरियाची चिमूट, तिसरीत पोती धुतल्याचे वाटीभर पाणी. गजरा हसली. ऊन तर तिघींना सारखेच की!

आठव्या दिवशी पहिली तशीच, दुसरी तशीच. तिसरी मात्र पालकाच्या भाजीसारखी गच्च हिरवी.

"ऊन असो, युरिया असो, शेवाळ अडून बसतं ते स्फुरदासाठी, म्हणजे खतातल्या फॉस्फेटसाठी," मॅडम म्हणाल्या. "आणि ते पोत्यांच्या शिवणीत उरतं. तुम्ही त्याला हातानं भरवताय, गजराबाई."

गजराची नजर अंगणातल्या पोत्यांवर गेली. दोन वर्षांचे मासे! त्याच सांजेला तिने नवऱ्याला सांगून टाकले, "तुमचे मासे म्याच मारले."

लिंबाजी मग म्हणाला, "आता तूच जगव."

आणि काय सांगावे, ती बाई पेटली! पोती आता दूर शेतात धुतली जाऊ लागली. ते पाणी हरभऱ्याला गेले, हरभरा तरारला. कुणी पोते घेऊन काठावर आले की गजरा पदर खोचून आडवी. "तलावात एक बी पोतं भिजलं, तर माज्याशी गाठ हाय!" कुणीच भिजवले नाही. गजराशी गाठ कुणाला परवडते?

वैशाख आला. प्रखर, प्रज्वलित, पांढराशुभ्र वैशाख. काठाशी शेवाळाची बारीक किनार होती, तेवढी असायचीच. लिंबाजीने तराफा आत लोटला, आणि मध्यावर जाऊन तो वाकला. वाकला तो वाकलेलाच. काठावर गजराचा जीव टांगणीला लागला.

"काय दिसतंय वो?" न राहवून ती ओरडली.

"तळ!" तो ओरडला. "गजरे, तळ दिसतोय!"

ती तशीच लुगड्यासकट पाण्यात शिरली, रडत, हसत, गुडघाभर, कमरभर. तिच्या अगदी जवळून एक रोहू गेला, हातभर लांब, ताम्रपंखी, निवांत. वर मासा चालला होता. आणि खाली, स्वच्छ वाळूवर, त्याची सावली चालली होती.