मंजुळाबाईंनी उंबरा फोडला

मंजुळाबाईंचं उजवं अंग लकव्यानं गेलं. ज्या हातानं जन्मभर ऊस तोडला, त्या हातानं आता पदरसुद्धा सावरता येईना. डाव्या हातात चार पायांची काठी धरून त्या घरातल्या घरात चालायच्या. पण तलवाड्यातलं त्यांचं घर उंच जोत्यावरचं. दाराला सिमेंटचा उंबरा, पुढं दगडी पायऱ्या, संडास अंगणाच्या पार टोकाला. तिथवर जायला सून शिवकन्येचा खांदा लागायचा.

दसरा सरला. मुलाला नि सुनेला ऊसतोडीसाठी फडावर न्यायला ट्रॅक्टर येणार होता. मुलगा धर्मराज म्हणाला, "आई, आमी येईस्तोवर तू सिरसाळ्याला ताईकडं ऱ्हा."

"कावून? मला घर न्हाई का?"

"पायऱ्या उतरता येत न्हाईत तुला."

"मग पायऱ्या काढ. उंबरा बी काढ."

"उंबऱ्यावर लक्ष्मी असती, आई!"

"आन् घरातली लक्ष्मी कोंडून पडली, ते चालतंय व्हय?"

"फडावरून आलो की बघू," म्हणत धर्मराज उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोक्यांच्या आवाजानं त्याला जाग आली. मंजुळाबाई दारात फतकल मारून बसल्या होत्या. डाव्या हातात हातोडा. समोर शिवकन्या उंबऱ्यावर छन्नी धरून बसलेली. सासूचा सवय नसलेला हात कधीही चुकेल, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं छन्नी हलू दिली नव्हती.

"मारा, आत्या," ती म्हणाली.

टवका उडाला. धर्मराज अंथरुणातून उठून दारात आला. मग आईच्या हातातून त्यानं हातोडा घेतला आणि उरलेला उंबरा स्वतः फोडला.

त्याच्या ओळखीचा शहादेव मिस्त्री आला. पायऱ्यांच्या जागी लांब, खरबरीत उतार झाला. संडासाचं उंच भांडं मागच्या खोलीलगत बसलं. शेगडी बसून हात पोचेल इतकी खाली आली. उताराला एका बाजूनं पाईप लावला. मंजुळाबाईंनी काठी शिवकन्येकडं दिली आणि पाईप धरून त्या झोकात खाली उतरल्या. परत चढायला वळल्या, तर पाईप मेलेल्या हाताच्या बाजूला!

धर्मराज धावला.

"हात लावू नगंस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूनं बी पाईप लाव. तवर मी हितंच."

अंगणात बाज टाकायला लावून त्या बसून राहिल्या. संध्याकाळी दुसरा पाईप बसला, तेव्हाच आत गेल्या.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी शिवकन्या गळ्यात पडून रडली. मंजुळाबाईंनी तिच्या पाठीवर थोपटून तिला चढायला लावलं.

पंधरवड्यानं धर्मराजचा फडावरून फोन आला.

"बरी हायेस का, आई?"

"काल न्हाणीत पडले."



"लागलं का?"

"कोपर खरचाटलं. लई वेळ तशीच पडून व्हते, भ्याले बी. मग नळाच्या पाईपाला धरून उठले. ती फरशी गुळगुळीत हाय. शहादेवला सांग, खरबरीत कर म्हणावं."

"आई, आता तरी ताईकडं..."

"ताईला भेटायचं आसंल तर ती हिकडं यील. तू फरशीचं बघ."