वाचणाऱ्याची खुर्ची

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला एका जागी स्वस्थ उभं राहता येत नाही. मी फिरती खुर्ची आहे, पाच चाकांची, आणि आता बरीच जुनी. लाकडी खुर्च्यांना जो निवांतपणा असतो, तो माझ्या नशिबी नाही. कुणी बसलं की गोल फिरायचं, कुणी उठलं की मागे घरंगळायचं आणि कुणीच नसलं की दाराकडे डोळे लावून बसायचं. माझी गोष्टही अशीच इकडेतिकडे धावेल, सांभाळून घ्या.

माझा जन्म जोहान्सबर्गकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये बसून मी उत्तरेला, व्हेंडाच्या डोंगराळ मुलखात आले. इथल्या एका विद्यापीठात एक मोठे साहेब होते, त्यांच्या खोलीत मला ठेवलं. साहेब माझ्यावर रेलायचे, समोरच्या माणसाला "बघू" म्हणायचे आणि अर्धं वळून खिडकीबाहेर पाहायचे. नऊ वर्षं मी तेवढंच फिरले. मग एक दिवस माझं एक चाक निखळलं, साहेबांचा तोल गेला आणि त्याच दुपारी माझी रवानगी भंगाराच्या खोलीत झाली. नऊ वर्षांच्या चाकरीनंतर कुणी साधं वळूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

त्या खोलीत मोडके पंखे होते, गांधीलमाश्यांचं पोळं होतं आणि मी होते. किती दिवस गेले कोण जाणे. शेवटी दार उघडलं ते व्हो-मुओफे यांनी; 'व्हो' हे इकडचं मानानं हाक मारणं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई विद्यापीठाचं लेखन केंद्र चालवायला आल्या होत्या आणि केंद्राला सामान म्हणून त्यांना एक टेबल आणि दोन स्टूल मिळाले होते. त्यांच्यासोबत दाकालो होता. तो एम.ए. करत होता आणि केंद्रात शिकवायला मदत करत होता. हा पोरगा जिभेचा तिखट.

"व्हो-मुओफे, ही खुर्ची आहे की सांगाडा?" तो म्हणाला. मला विचारलं असतं तर मी त्याला काय ते ऐकवलं असतं.

"उचल," बाई म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा जास्त वर्षं नोकरी केलीय तिनं."

दाकालोनं दुकानातल्या सामानाच्या गाडीचं एक चाक कुठूनसं आणून मला बसवलं. ते जरा मोठं होतं. तेव्हापासून मी डावीकडे ओढ घेते आणि थोडासा उतार दिसला की चालू पडते.

लेखन केंद्रात काय चालतं, ते मला पहिले काही दिवस कळेना. पोरं आपापले निबंध घेऊन घाबरत घाबरत यायची. मला वाटलं, आता बाई लाल पेन काढतील. पण बाई पेनला हातच लावत नसत. त्या आणि दाकालो स्टुलावर बसायचे, आलेल्या मुलाला माझ्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "वाच. मोठ्यानं. तुझंच आहे." बस्स, इतकंच. पोरं वाचायला लागायची आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला आपणच अडखळून म्हणायची, "थांबा, हे काहीतरी चुकलंय." मला तो क्षण फार आवडायचा. त्यांच्या पायांची चुळबुळ थेट माझ्या चाकांत उतरायची.

केंद्राचा आणखी एक नियम होता. कुणी एखाद्या गावाविषयी लिहिलं असेल, तर प्राध्यापकांकडे निबंध द्यायच्या आधीच्या शनिवारी सगळ्यांनी त्या गावात जायचं आणि तो निबंध गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. बाई म्हणत, "ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांनी आधी ऐकायला नको?" त्या दिवशी गावात गाणी, नाच, जेवण असं सगळं असायचं आणि मी पिकअपमधून सोबत जायचे, कारण वाचणाऱ्याची खुर्ची मी.

आता रोफिवाची गोष्ट सांगते. तीच सांगायची घाई झाली होती मला.

रोफिवा दुसऱ्या वर्षाला होती. एका दुपारी ती आली, दोन्ही तळवे जोडून खाली वाकली आणि "आ" म्हणून बाईंना नमस्कार केला. इकडे नमस्कार करताना बायका "आ" म्हणतात आणि पुरुष "न्दा". मग मला सोडून सरळ जमिनीवर बसली, पाय एका बाजूला दुमडून. वडीलधाऱ्या बाई समोर असताना त्यांच्या बरोबरीनं खुर्चीत बसायचं तिला शोभेना. बाईंनी दोनदा सांगून पाहिलं. ती हसली, पण उठली नाही. मी रिकामी! माझा तर जीव वर-खाली झाला.

तिनं आपल्या गावातल्या पाण्याच्या पंपाविषयी लिहिलं होतं. ती वाचू लागली. "गावातले वडीलधारे सांगतात की..." पुढचं वाक्य, "गावाचं म्हणणं असं आहे की..." त्याच्या पुढचं, "गावच्या प्रमुखांच्या मते..." प्राध्यापकांनी तो निबंध दोनदा परत पाठवला होता. त्यावर एकच प्रश्न लिहिला होता: यात तू कुठे आहेस? तिसऱ्यांदा परत आला, तर विषय गेला, वर्ष गेलं आणि वसतिगृहातली खोलीही गेली.

"रोफिवा," दाकालो म्हणाला, "तुझ्या निबंधात अख्खं गाव आहे. गावातल्या कोंबड्यासुद्धा आहेत. तूच तेवढी सापडत नाहीस."

बाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. "पोरी, पंप कुठे असावा असं तुला वाटतं?"

"माझं मत कोण विचारतंय, व्हो-मुओफे?"

"मी विचारतेय."

ती मांडीकडे बघत म्हणाली, "शाळेजवळ. आत्ता तो प्रमुखांच्या अंगणात आहे. माझी धाकटी बहीण रोज तिथून बादली डोक्यावर घेऊन चढ चढते, घरी ठेवते, मग शाळेत पळते. दुसरा तास सुरू झाल्यावर पोचते, तीही ओल्या गणवेशात."

"मग हे लिही की."

"कसं लिहू?" तिचा आवाज एकदम चढला. "शनिवारी प्रमुखांसमोर वाचायचं आहे. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला सगळ्या गावासमोर चुकीचं म्हणू? आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला गेले की कुठल्या तोंडानं त्यांच्यापुढे गुडघे टेकू?"

बाई एवढंच म्हणाल्या, "ते तुलाच ठरवावं लागेल." मला त्यांचा रागच आला. इतकं शिकलेल्या बाई, दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण त्यांनी पेन उचललं नाही.

शनिवार उजाडला. पिकअपमध्ये मला आडवं टाकलं होतं. शेजारी रोफिवा बसली होती आणि तिच्या पिशवीत दोन निबंध होते. एक जुना, सगळ्यांच्या मतांचा. दुसरा तिनं आठवडाभर खपून लिहिलेला. दाकालोनं विचारलं, "कुठला वाचणार?" ती म्हणाली, "अजून माहीत नाही." खड्ड्याखड्ड्याला मी आदळत होते आणि माझ्या मनात तोच प्रश्न आदळत होता.

गावात मरुलाच्या झाडाखाली लोक जमले होते. बाया चटयांवर, पुरुष दगडांवर आणि ओंडक्यांवर. मला मधोमध ठेवलं. एवढ्यात गावचे प्रमुख, व्हो-मावुंगू आले. सगळे खाली वाकले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मला पाहिलं आणि साहजिकच त्यांना वाटलं की गादीची खुर्ची मांडलीय ती त्यांच्यासाठीच. ते ऐटीत येऊन माझ्यावर बसले.

आता त्यांना उठा कोण म्हणणार? बाईंनी दाकालोकडे पाहिलं, दाकालोनं आभाळाकडे पाहिलं. रोफिवा मुकाट्यानं त्यांच्या पायाशी बसली आणि पिशवीतून निबंध काढला. जुना. "गावातले वडीलधारे सांगतात की..." तिचा आवाज तिच्या तिलाच ऐकू येत नसेल. मला रडू येत होतं.

प्रमुख ऐकता ऐकता जरा मागे रेलले. झाडाखाली उतार होता आणि माझं ते मोठं चाक तुम्हाला माहीतच आहे. मी मुद्दाम काही केलं नाही, शपथेवर सांगते. पण मी निघाले. हळूहळू, डावीकडे वळण घेत, प्रमुखांना घेऊन मी उतारावरून बायांच्या चटयांकडे निघाले. त्यांनी दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. कुणी हसेना. हसायची हिंमत कुणाची? शेवटी एका म्हातारीनं पाय आडवा घालून मला थांबवलं आणि म्हणाली, "या, व्हो-मावुंगू! आज आम्हां बायकांत बसायचं ठरवलंत?"

आधी चटया हसल्या, मग दगड-ओंडके हसले आणि शेवटी प्रमुखही हसले. उठून कपडे झटकत त्यांनी विचारलं, "ही पळपुटी खुर्ची कुणाची?"

"वाचणाऱ्याची," बाई म्हणाल्या.

"मग वाचणारी खाली का बसलीय?"

"तुम्ही वर होतात म्हणून."

प्रमुख आपल्या नेहमीच्या दगडावर जाऊन बसले आणि रोफिवाला हातानं खूण केली. दाकालोनं मला परत वर आणून चाकाखाली दगड लावला. रोफिवा माझ्यावर बसली. पहिल्यांदाच. तिनं हातातले कागद घडी करून पिशवीत टाकले आणि दुसरे काढले.

"माझं नाव रोफिवा. माझ्या मते आपल्या गावातला पंप चुकीच्या जागी आहे."

प्रमुख म्हणाले, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं. बहिणीचा ओला गणवेश, चढ, दुसरा तास, सगळं वाचलं.

"हे तुला कुणी लिहून दिलं?" प्रमुखांनी बाईंकडे रोखून पाहिलं.

"कुणी नाही," रोफिवा म्हणाली. "माझं मी लिहिलंय."

तेव्हा मला बाईंचं न उचललेलं पेन कळलं, मित्रांनो. त्यांनी एक ओळ जरी लिहिली असती, तर हे उत्तर तिला देता आलं नसतं.

"शाळेजवळ खडक आहे," प्रमुख म्हणाले. "तीन दिवस खोदलं तिथे, यंत्राचं पातं मोडलं. हे ठाऊक होतं तुला?"

"नाही."

"मग अर्धवट लिहिलंस."

"हेही लिहीन," ती म्हणाली. "पण माझं मत तेच राहील. खोदता येत नसेल तर पाइप टाकावा."

प्रमुख उठले आणि निघून गेले. जेवणं झाली, गाणी झाली, पण रोफिवानं घासही घेतला नाही. परतताना गावातली काही माणसंही पिकअपमध्ये चढली आणि जागा उरली नाही, म्हणून मला प्रमुखांच्याच अंगणात ठेवलं. रोफिवा त्या दिवशी घरीच राहिली.

रविवारी सकाळी बादली घेऊन ती पंपावर आली. प्रमुख दारात उभे होते. तिनं बादली खाली ठेवली, गुडघे टेकले, तळवे जोडले आणि "आ" म्हणाली. ती तशीच वाकलेली. माझी पाचही चाकं अस्वस्थ झाली, पण पुढे जाऊन काही करणं माझ्या हातात नव्हतं.

"न्दा," शेवटी प्रमुख म्हणाले. मग शाळेच्या दिशेनं पाहत त्यांनी विचारलं, "तिथपर्यंत किती पाइप लागेल? मोजलंस?"

"नाही."

"मग ऊठ. अंदाजानं लिहू नये. ती दोरी घे, दुसरं टोक मी धरतो."

मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी आपलं लिहिलेलं वाचायला घाबरत असेल, तर त्याच्यासाठी जरा जागा सोडा. त्याचं पेन हातात घेऊ नका आणि त्याचं संपेपर्यंत उठू नका. चुकलं असेल तर नंतर सांगा. मग दोरीचं दुसरं टोक मात्र धरा.