बिनचुलीचा पलंग

तुकोजीला बसवत नव्हतं. मुलीच्या लग्नात बापाला बसायला फुरसत नसते, ते वेगळं. पण इथं पंगती उठल्या होत्या, वऱ्हाडातली पोरं आइस्क्रीमवर तुटून पडली होती, आणि हा भला माणूस रुखवताच्या खोलीच्या दाराशी येरझारा घालत होता. आत डोकवायचा, बाहेर यायचा. परत आत.

"अहो, टेका की जरा," त्याची बायको कुमुदिनी म्हणाली. "पायाला भिंगरी लागलीय का?"

पायाला कसली, जिवाला लागली होती. रुखवतात लाडू होते, करंज्या होत्या, लोकरीचे ससे होते, आणि सगळ्यांच्या मधोमध, इंदूरच्या साऱ्या परदेशीपुऱ्यानं डोळे फाडून बघावा असा चकाचक डबलबेड. चॉकलेटी सनमायका, उशाशी आरसा, खाली गाद्या ठेवायची पेटी. तो तुकोजीनंच ठोकला होता, आणि तोच आता त्याला खात होता.

हे कळायला आधी चूल कळली पाहिजे. चूल म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढं स्वयंपाकघर येतं. इंदूरचा सुतार म्हणतो ती चूल निराळी. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची, आणि एकात एक ठोकून बसवायची. ती जीभ म्हणजे चूल. मग खिळा नको की पट्टी नको. चार जणांनी पलंग उचलून आपटला तरी हूं नाही की चूं नाही. तुकोजीनं मिलच्या सुतारखात्यात जन्म काढला होता तो याच चुलीवर. कुणाकडेही गेला की पाणी प्यायच्या आधी खुर्ची धरून हलवून बघायचा. अनुश्रीला, म्हणजे आज बोहल्यावर चढलेल्या या पोरीला, लहानपणी त्यानं खेळ म्हणून हेच शिकवलं होतं. तिनं शाळेत बाईंचं टेबल हलवून "चूल ढिली आहे" असं भर वर्गात जाहीर केलं आणि छडी खाल्ली. बापाला कोण अभिमान!

मग मिल बंद पडली. नवे दिवस आले, नवे लोक आले, बाजारात जयेशजींचं फर्निचरचं शोरूम उघडलं आणि तुकोजी तिथं चिकटला. काम काय, तर भुसा दाबून केलेल्या फळ्या गोंद लावून खिळ्यांनी जोडायच्या आणि वर सनमायका डकवायचा. मेल्या त्या फळीत चूल काढायला जावं तर पटाशी टेकवताच भुगा! त्यानं एकदा काढून पाहिली होती. जयेशजी हसले.

"दादा, चूल-वूल भूल जाओ. गिऱ्हाइकानं विचारलं कितने दिन चलेगा, तर एकच बोलायचं. लाइफटाइम!"

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा अनुश्री हसून लोटपोट झाली होती. पुढं तुकोजी ते बोलायलाही शिकला. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सवय झाली. पोट काय काय शिकवतं माणसाला!

पोरीचा पलंग मात्र सागवानाचा, चुलीचा, घरी करायचा असं त्यानं मनाशी धरलं होतं. जुन्या दारांची लाकडं आणून भिंतीला टेकवली होती. एका पायाची चूल काढूनही झाली. अनुश्रीनं ती पाहिली आणि नाक मुरडलं.

"बाबा, असले पलंग तर दादी लोकांचे असतात. सुशांतच्या सगळ्या दोस्तांकडे बॉक्सवाला आहे. माझी इज्जत काढता का?"

वर जयेशजी दिलदारपणे म्हणाले, "अपनी बेटी की शादी है, पलंग माझ्याकडून." आता नाही म्हणावं तर मालकाच्या तोंडावर त्याच्या मालाला नावं ठेवल्यासारखं. आणि ही नोकरी गेली तर दुसरी काय मिलच्या कुलपाला मागायची? सागवान भिंतीलाच राहिलं, आणि शोरूममधला भुशाच्या फळ्यांचा पलंग त्यानंच ठोकला.

पण पुढचं सगळं त्याला दिसत होतं. दिवाळीपर्यंत पलंग कुरकुरणार, मग डुगडुगणार, आणि सासरी पोरीला ऐकून घ्यावं लागणार: बाप सुतार, आणि लेकीला दिलं काय तर हे!

तेवढ्यात विहीणबाई आल्याच. मनोरमाबाई साताऱ्याच्या. मुलगा सुशांत जवळच्या पीथमपूरला कंपनीत लागला म्हणून इंदुरात आलेल्या. मागून आइस्क्रीमची वाटी घेऊन जयेशजी, आणि शालू सावरत अनुश्री.

"पलंग देखणा आहे हो, व्याहीबुवा," मनोरमाबाई सनमायकावरून हात फिरवत म्हणाल्या. "स्वतः केलाय ना? आमच्या माहेरी आजोबांच्या वेळचा पलंग अजून वापरात आहे. हा टिकेल ना तसा?"

जयेशजींनी तुकोजीकडे बघून भुवई उडवली. बोला की, दादा.

शब्द अगदी ओठावर होता. पण समोर पोर उभी होती, हातात हिरवा चुडा, आणि तुकोजीच्या तोंडून भलतंच निघालं.

"खोटं कशाला बोलू, विहीणबाई. यात चूल नाही."

मनोरमाबाई खळखळून हसल्या. "अगंबाई! चूल कशाला हवी? पलंगावर का स्वयंपाक करायचाय? घरी गॅस आहे हो आमच्या, दोन-दोन सिलिंडर! तुमच्या लेकीच्या हाती फुंकणी नाही द्यायची!"

सगळी खोली हसली. जयेशजींना चूल बरोब्बर कळली होती, म्हणून ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. "दादा भी ना, कमाल करते हैं!"

झालं! इतक्या वर्षांनी माणूस एकदा खरं बोलला आणि त्याचा विनोद झाला. पुन्हा बोलायचं बळ तुकोजीत उरलं नव्हतं. त्यानं अनुश्रीकडे पाहिलं. ती हसली नव्हती. सासूला ही चूल समजावून सांगेल असं त्या खोलीत आता तीच एक होती.

अनुश्री पलंगापाशी गेली. उशाकडची फळी धरून तिनं एक झटका दिला, लहानपणी द्यायची तसाच, नुसत्या मनगटानं. आरशात अख्खी खोली हलली. लाडू हलले, जयेशजी हलले, दाराशी उभा असलेला बापही हलला.

तिनं वळून बापाकडे पाहिलं. मग आरसा थांबेपर्यंत फळीवर तळवा दाबून धरला.

"लाइफटाइम आहे, आई," ती सासूला म्हणाली. "माझ्या बाबांनी केलाय."