सात चुंबळी

लिहिलेलं :

(अंगणवाडीची हजेरीवही, मागचं पान, निळी शाई, माझं अक्षर.)

मे १९९६. विहिरीची वरची बाजू आज पहाटे कोसळली. काठावरचे सात हंडे गाडले गेले. माणूस कुणी गेलं नाही. सातही बाया घरीच होत्या.

न लिहिलेलं :

सातही बाया घरी का होत्या.

म्हणजे तेही लिहिलं होतं. ग्रामसेवकांनीच सांगितलं, "बाई, कोण कुठं होतं ते लिहून ठेवा, वरून कुणी विचारलं तर." वरून कुणी विचारलं नाही. विचारलं ते वाडीनं. त्या पानावर मी रखमीच्या नावापुढं दोन शब्द लिहिले आणि त्या दोन शब्दांपायी तिचं घर जायची वेळ आली. ते पान आता वहीत नाही. कसं नाही, तेच सांगते.

विहीर :

आमची वाडी शहापूर तालुक्यात, डोळखांबच्याही वर. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला रात्रभर थोडं थोडं पाणी झरतं आणि पहाटेपर्यंत सात हंडे भरतील एवढं साठतं. त्यापुढं दिवसभर चिखल. म्हणून बाया संध्याकाळीच आपला रिकामा हंडा काठावर रांगेत ठेवून येत. हंडा तिथं, नंबर तिथं. घरी यायचं ते फक्त दोर आणि चुंबळ घेऊन. चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याची पिळून केलेली गोल गादी, डोकं आणि हंडा यांच्यामध्ये ठेवायची. प्रत्येकीची दाराआड खिळ्याला. पहाटे उठायचं, चुंबळ काढायची, निघायचं.

दोघी पायऱ्या उतरून तळाशी तांब्यानं पाणी भरणार, पाचजणी काठावर उभ्या राहून ओढणार. वर्षानुवर्षं, त्याच वेळेला, त्याच सातजणी. शेवटचा हंडा रखमीचा. ती संध्याकाळी सगळ्यांच्या आधी ठेवून गेली तरी पहाटे तो शेवटीच असायचा. कोण सरकवायचं? कुणीच नाही. सगळ्याच.

रखमीला नवरा नाही, मूल नाही. वाडीच्या टोकाला मोहाखाली तिची झोपडी. करवंदं पाटीत भरून आसनगाव स्टेशनात विकते, म्हणून बायका म्हणायच्या, ही दोन दुनियेत फिरते.

बुधू :

म्हातारा बुधू शेळ्या घेऊन उतरला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. त्या वेळेला काठावर बाया असतात हे त्याला माहीत. काठच नव्हता. ओल्या मातीतून एका पितळी हंड्याचं तोंड तेवढं वर दिसत होतं, आकाशाकडं केलेलं.

तो वाडीत आला नाही. पुरुष पेरणीआधी राबाचा पालापाचोळा भाजत होते त्या शेताकडं धावला.

"बाया गाडल्या रे!"

त्यांच्या ओरडण्यानं आम्ही घराबाहेर आलो आणि आवाजाच्या दिशेनं पळालो. तिथं जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. राखेनं काळे झालेले दहा-बारा पुरुष माती उपसत होते. कुणाकडं कुदळ, कुणाकडं नुसते हात. कमळू नखांनी उकरत होता. त्याची बायको लहानी, आठवा महिना सरत आलेला, चालत चालत त्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

"कुणाला शोधताव?"

"लहानीला," तो म्हणाला, मागं न बघता. आणि उकरत राहिला.

मग त्याचे हात थांबले. बराच वेळ तो वळलाच नाही. मातीकडं बघत बसून राहिला. मला वाटलं, त्याला मागं बघायची भीती वाटतेय.

लिहिलेलं :

त्या दिवशी गावदेवीला नारळ फुटला, गूळ वाटला. हसून हसून बाया दमल्या. संध्याकाळी सकुबाईच्या अंगणात मी वही घेऊन बसले.

"सांगा बरं एकेक. तुमी का नाय गेलात?"

सकुबाई सगळ्यांत वयस्क. "गुडघा धरला गो. उठताच आलं नाय."

तिची सून म्हणाली, "मी त्यांचा गुडघा शेकत होते."

भिमी कुणालाही पहिलं बोलू देत नाही, पण आज तिसरी आली. "म्हैस सुटली. तिच्यामागं धावले. म्हैस नसती तर आज मी मातीखाली."

"म्हशीलाच ओवाळ मग," कुणीतरी म्हणालं.

"ओवाळीन. तुला काय जातंय?"

भिमीच्या जावेची चूल पेटेना. लहानीला ओकारी आली. मग मी माझंही लिहिलं : जनी — महिन्याचा रिपोर्ट लिहीत होते.

रखमी कुडाजवळ बसून करवंदं निवडत होती.

"तू गो रखमे?"

"मला वाटलं, जाऊन आले."

"कुठं?"

"विहिरीवं. पाणी भरून झालं, असं वाटलं."

"भरलंस तर हंडा कुठाय?" भिमी हसली.

"तेच ना," रखमी म्हणाली. "हंडा नव्हता."

आता कुणी हसलं नाही. काय लिहावं मला कळेना. लिहिलं : रखमी — कारण नाही.

आठ दिवस :

पहिल्या दिवशी सातजणी वाचल्या हे नवल होतं. दुसऱ्या दिवशी सहाजणींना कारण होतं आणि एकीला नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लोक म्हणाले, ती "जाऊन आले" म्हणाली ना? म्हणजे गेलीच होती.

चौथ्या दिवशी तिला अंधारात विहिरीकडं जाताना कुणीतरी पाहिलेलंही होतं. कुणी ते कळलं नाही.

कमळू झोपत नव्हता. लहानी उठली की उठायचा, ती दाराबाहेर गेली की मागं. "पहिलं विहीर मोडायची, मग बायांना वाचवायचं," तो म्हणायचा. "म्हंजे आपण जल्मभर तिच्या मुठीत. तिनं पुढल्या वेळी वाचवलं नाय तर?"

सहाव्या दिवशी चेटकिणीसाठीचा तो शब्द निघाला. भुताळी.

नदीपलीकडच्या वाडीत दोन वर्षांमागं एका बाईला हा शब्द लागला होता. तिच्या घराचं नुसतं जोतं उरलंय. ती कुठं गेली हे कुणी विचारत नाही. रखमीचा एक भाऊ मुरबाडला आहे. तिनं निरोप धाडला. त्यानं उलटा निरोप धाडला की येऊ नकोस.

आणि वर काय म्हणाला असेल भाऊ? "अंगणवाडीच्या बाईनं लिहूनच ठेवलंय म्हणं."

माझं, न लिहिलेलं :

रिपोर्ट मी विहीर कोसळायच्या आधीच, सोमवारी देऊन टाकला होता.

त्या पहाटे मी उठले, दाराआड हात घातला, चुंबळ काढली. ती ओली होती. भिजून निथळत होती. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. आदल्या संध्याकाळी मीच ती कोरडीठाक टांगली होती. मान भरून आली होती, भरला हंडा आणल्यावर येते तशी. आणि मला शांत वाटलं. झालं पाणी. मी उंबऱ्यावर बसले. किती वेळ, ते नाही सांगता येत. मग रिकाम्या कोपऱ्याकडं लक्ष गेलं आणि वाटलं, हंडा कुठंय? तेवढ्यात पुरुषांचं ओरडणं आलं.

मी चुंबळ कौलांवर वाळत घातली. मेमधलं ऊन. संध्याकाळी तेवढीच ओली. चुलीवर टांगली. वरचे धागे करपले, आतून पाणी येतच राहिलं. मी ती पिठाच्या डब्यामागं लपवली. रोज हात लावून बघायची. रोज गार.

रखमी जे बोलली ते मला कळत होतं. शब्दन् शब्द. तरी मी लिहिलं, कारण नाही.

नववा दिवस, सकाळ :

धाऊ भगताला बोलावलं. सकुबाईच्या अंगणात त्यानं सूप मांडलं, सुपात तांदूळ. समोर रखमी. तांदूळ वाईट बोलले तर संध्याकाळच्या आत तिनं वाडी सोडायची, असं ठरलं होतं. तिचं बोचकं तिनं आधीच बांधलं होतं. शेजारीच होतं ते. लहान.

"जने, वाच," कमळू म्हणाला. "भगताला कळू दे, कुणाला काय कारण होतं न् कुणाला नव्हतं."

मी वही उघडली. सकुबाईचा गुडघा वाचला. वाचता वाचता आठवलं की त्या सकाळी टेकाड उतरून विहिरीवर सगळ्यांच्या पुढं सकुबाई पळत गेली होती. सुनेचं शेकणं वाचलं. मग, "भिमी. म्हैस सुटली."

आणि थांबले.

"वाच की."

"भिमे," मी म्हणाले, "कुठली म्हैस गो?"

"कुठली म्हंजे? आमची."

"ती तर म्हसा गावच्या जत्रेत विकली ना तुमी? पौषात?"

सगळ्या वाडीनं ती म्हैस जाताना पाहिली होती. आठ दिवस सगळी वाडी त्या म्हशीची गोष्ट एकमेकांना सांगत होती.

भिमीचा चेहरा लाल झाला. "मला शिकवतेस? तू कुठला रिपोर्ट लिहीत होतीस गो? सोमवारी गाडीनं तूच गेलीस ना घेऊन?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. भगतानं पुढं वाच म्हटलं असतं, मी वाचलं असतं.

"कुठलाच नाय," मी म्हणाले. वही खाली ठेवली. घरी गेले, डबा सरकवला, चुंबळ घेऊन आले आणि सुपात तांदळावर ठेवली.

"हे काय?" धाऊ म्हणाला.

"पिळा."

त्यानं पिळली. पाणी तांदळावर पडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा पिळली, पुन्हा पडलं.

"नऊ दिस झाले," मी म्हणाले. "मलापण वाटलं होतं, जाऊन आले. माझ्या तोंडून निघालं नाय. हिच्या निघालं."

भिमी उठली.

"कुठं चाललीस?" कमळू ओरडला.

ती घराकडं गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तिची चुंबळ होती, कडेनं करपलेली. तिनंही चुलीवर धरली होती तर. तिनं ती सुपात टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सरक तिकडं."

मग तिची जाऊ गेली. मग सकुबाई सुनेला म्हणाली, "आपल्या दोघींच्या आण. माझी कणगीच्या मागं हाय."

"माहीत हाय," सून म्हणाली. "माझीपण तिथंच हाय."

सूप जड होत होतं. तांदूळ भिजून फुगायला लागले होते. धाऊ भगतानं हात मांडीखाली घेतले.

लहानीला घरी जावं लागलं नाही. तिनं पदराखालून काढली. पोटाशी धरली होती, पातळ तिथं ओलं झालं होतं. नऊ दिवस कमळू तिच्या मागं मागं होता आणि नऊ दिवस ती त्याच्यापासून चुंबळ लपवत होती. तिनं ती ठेवली. कमळूनं तिच्या हाताकडं बघितलं आणि त्या सकाळसारखा खाली बसला, मातीकडं तोंड करून.

सहा झाल्या.

"तुझी कुठाय?" धाऊनं रखमीला विचारलं. हळू.

"माझी दारावर टांगलीय. नऊ दिस. कुणीबी येऊन बघायचं."

कुणीही गेलं नव्हतं. मीही नाही.

"खरंय," बुधू मागून म्हणाला. "मी बघितली. टपकत होती. मला वाटलं, लुगडं धुतलं आसंल."

धाऊ भगत उठला. त्यानं बोटांना चिकटलेले ओल्या तांदळाचे दाणे झटकले, सुपाला हात न लावता पायात वहाणा घातल्या. "हे माझ्यातलं नाय," तो म्हणाला आणि नदीच्या वाटेला लागला. कुणी अडवलं नाही, कुणी चहाचंही विचारलं नाही.

आम्ही सातजणी एकमेकींकडं बघत होतो. गुडघा, म्हैस, चूल, ओकारी असताना बरं होतं. सात वेगवेगळी कारणं एका पहाटेला जुळली, असं म्हणता येत होतं. आता तसं म्हणता येत नव्हतं.

रखमीनं बोचकं उचललं. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"जाऊ मी?" ती म्हणाली. "चुलीवं भात ठेवलाय. करपंल."

"निघायचं बोचकं बांधून भात ठेवलास?" भिमीनं विचारलं.

"भूक लागंलच ना गो. हितं राहिले तर हितं, गेले तर वाटंनं."

कमळू वाटेत बसला होता. तो बाजूला सरकला. रखमी आपल्या घराकडं गेली आणि मोहाखाली तिच्या चुलीचा धूर दिसत राहिला.

लिहिलेलं :

पान मी त्याच दुपारी फाडलं. नवीन पानावर तारीख, विहीर, हंडे, सगळं तसंच पुन्हा उतरवलं. खाली सात नावं लिहिली. रखमीचं पहिलं आलं. मुद्दाम नाही, हात तिथून सुरू झाला. सातही नावांना मिळून एक कंस केला आणि कंसापुढं लिहिलं :

कारण नाही.